सुई टोचण्यापूर्वीचा तास

मुलाने जेवताना हट्ट केला, औषधाची वाटी तोंडापाशी येताच ओठ घट्ट मिटले, किंवा निजायच्या वेळी त्याच्या अंगात खेळ संचारला, की घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस डॉक्टरांच्या सुईचे भय घालून त्याला वठणीवर आणते. आणि तेच मूल पुढे खरोखरीच तापाने फणफणून दवाखान्यात गेले व सुई समोर आली, की तीच माणसे ‘काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटेल’ असा दिलासा देऊ लागतात. एकाच वस्तूला आज बागुलबुवा आणि उद्या क्षुल्लक ठरविणाऱ्या ह्या दोन विधानांतील विसंगती मोठ्यांच्या ध्यानात येत नसली, तरी मुलाच्या ती बरोबर ध्यानात येते. मुंगीचा दाखला खोटा होता हे त्याला अर्ध्या मिनिटात स्वानुभवाने कळते, आणि ह्यापुढे ह्या माणसांच्या शब्दावर कितपत भरवसा ठेवायचा ह्याचा हिशेब ते आपल्या परीने तेव्हाच करून टाकते.

सलाईन लावण्यासाठी हाताच्या शिरेत जी सुई घालावी लागते तिची वेदना मोठ्यांच्या लेखी एक मामुली बाब असते. आजार मोठा, उपचार अत्यावश्यक, वेदना क्षणाची. मग तिचा एवढा बाऊ कशासाठी, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील पहिली तीन विधाने बहुधा खरी असतात, परंतु त्यांतून शेवटचा निष्कर्ष निघत नाही. मोठ्या आजाराच्या सावलीत उभी असलेली लहान वेदना टाळण्याजोगी असेल, ती टाळण्याची साधने स्वस्त, निर्धोक आणि डॉक्टरांना ठाऊक असलेली असतील, तर ती न टाळण्याचे समर्थन आजाराच्या मोठेपणाने होऊ शकत नाही. ह्या सर्व साधनांचा एक समान धर्म आहे, आणि तोच ह्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे: ती सुई टोचण्यापूर्वी योजावी लागतात. सुई त्वचेत शिरल्यानंतर उरते ते केवळ सांत्वन. म्हणून हा प्रश्न औषधशास्त्राचा जितका आहे, त्याहून अधिक कामाच्या क्रमाचा, वेळेच्या तजविजीचा आणि रुग्णालयाच्या शिरस्त्याचा आहे.

सलाईन लावण्याची क्रिया पाहणाराला सोपी वाटते. मनगटाच्या वर रबरी पट्टा आवळून शीर फुगवायची, जंतुनाशकाने त्वचा पुसायची, तिरकी सुई हलक्या हाताने आत सारायची, मागच्या पारदर्शक कोषात रक्त उतरलेले दिसले की सुईवर चढविलेली प्लॅस्टिकची बारीक नळी पुढे सरकवून सुई मागे काढून घ्यायची, आणि नळी चिकटपट्टीने पक्की करायची, एवढाच तिचा विधी. शिरेत अखेर राहते ती ही मऊ नळी. आपल्याकडे हिला सर्रास इंट्राकॅथ म्हणतात. अशी सुईवर चढविलेली नळी १९५० साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा ह्या भूलशास्त्राच्या तरुण डॉक्टराने तयार केली. त्याआधी पोलादी सुईच शिरेत ठेवीत आणि ती हलू नये म्हणून रोग्याचा हात फळीला बांधीत. पोलाद लगेच बाहेर येते ही गोष्ट आईबापांना पुष्कळदा ठाऊक नसते, मुलाला कोणी सांगत नाही, आणि मग ते बिचारे, आत सुई आहे अशा समजुतीने, दोन-दोन दिवस हात काठीसारखा ताठ धरून बसते.

मोठ्या माणसाच्या हातावर जे सहज साधते ते मुलाच्या हातावर दुष्कर होते, ह्याला शारीरिक कारणे आहेत. शीर मुळातच बारीक. त्यासाठी २४ क्रमांकाची पिवळी किंवा २२ क्रमांकाची निळी नळी लागते, आणि नवजात अर्भकासाठी २६ क्रमांकाची जांभळी. हा क्रमांक जितका मोठा तितकी नळी बारीक. एक-दोन वर्षांच्या बाळसेदार मुलाच्या हाताच्या पाठीवर चरबीचा थर असतो आणि त्याखाली शीर बोटाला लागत नाही. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झाले की शिरा चपट्या होतात, थंडीने आकसतात, आणि भीतीनेही आकसतात, कारण भ्यालेल्या शरीरात जी रसायने उसळतात ती त्वचेकडील रक्तवाहिन्या आवळून धरतात. म्हणजे पहिला प्रयत्न फसला, की दुखते; दुखले, की मूल अधिक भिते; भ्याले, की शीर अधिकच लपते; आणि ‘शीर सापडत नाही’ असे म्हणत सुई उजव्या हातावरून डाव्यावर आणि तेथून पायावर फिरू लागते. वेदनाशमन हा मुलाच्या रडण्यावरचा हळवा उतारा नसून ह्या दुष्टचक्राला घातलेला पहिला आळा आहे, हे येथेच समजून घेतले पाहिजे.

तथापि हे समजायला वैद्यकशास्त्रालाही फार काळ लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी एक समजूत दृढ झाली होती, की नवजात अर्भकाच्या मेंदूची जडणघडण पुरी झालेली नसल्यामुळे त्याला वेदनेची खरी जाणीव नसते आणि त्याचे रडणे, हातपाय आखडणे हे केवळ प्रतिक्षेप असतात. १९४१ साली अमेरिकेत मर्टल मॅकग्रॉ ह्या विदुषीने अर्भकांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रियांची नोंद प्रसिद्ध केली. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काही अर्भकांचा प्रतिसाद मंद दिसतो ह्या निरीक्षणाचा आधार पुढे दीर्घकाळ त्या समजुतीला मिळत राहिला. भुलीचे औषध इवल्या जिवाला पेलणार नाही ही भीती तर होतीच, आणि त्या काळच्या साधनांचा विचार करता ती अगदीच निराधार नव्हती. परिणाम असा झाला, की अकाली जन्मलेल्या बालकांवर मोठ्या शस्त्रक्रियादेखील हालचाल थांबविणारे औषध देऊन, परंतु वेदना थांबविणारे औषध न देता, किंवा अगदी जुजबी देऊन, होत राहिल्या. १९८५ साली वॉशिंग्टन येथे अशाच एका अकाली जन्मलेल्या बाळाच्या हृदयानजीकच्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली. त्याला स्नायू शिथिल करणारे औषध तेवढे दिले होते हे त्याच्या आईला बाळ गेल्यानंतर कळले, आणि तिने हा प्रश्न चिकाटीने वृत्तपत्रांच्या वेशीवर टांगला.

त्याच सुमारास ऑक्सफर्ड येथे एक भारतीय डॉक्टर ह्याच प्रश्नाचा शास्त्रीय मार्गाने छडा लावीत होते. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर कंवलजीत सिंग आनंद हे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून तेथे गेले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १६ अकाली जन्मलेल्या बालकांचे दोन गट केले. एका गटाला प्रचलित भूल, आणि दुसऱ्याला तीच भूल व शिवाय फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक. पहिल्या गटातील बालकांच्या रक्तात तणावाच्या संप्रेरकांचा अक्षरशः उद्रेक झाला आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांच्यातच अधिक आढळले. जानेवारी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजात बालकांनाही योग्य भूल दिली गेली पाहिजे असे निवेदन काढले. ज्याला बोलता येत नाही त्याची साक्ष त्याच्या रक्ताने दिली, आणि ती खोडून काढणे कोणालाच शक्य झाले नाही.

पुढचा प्रश्न असा, की ही वेदना मूल विसरून जात नाही काय? आठवण ह्या शब्दाचा अर्थ प्रसंग सांगता येणे एवढाच धरला, तर अर्भक विसरते, ह्यात शंका नाही. परंतु शरीराची आठवण निराळी असते. टोरांटो येथील अॅना टॅडियो ह्यांनी १९९७ साली ८७ बालकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काहींची जन्मानंतर लवकरच सुंता झाली होती. काहींना त्या वेळी त्वचा बधिर करणारे मलम लावले होते, काहींना तसेच दिसणारे पण निरुपयोगी मलम, आणि काहींची सुंता झालेलीच नव्हती. चार-सहा महिन्यांनी नेहमीची लस टोचताना असे दिसले, की पूर्वी वेदना सोसलेली मुले सर्वांत अधिक कळवळली, आणि बधिर करणारे मलम लावलेल्यांची वेदना त्यांच्या मानाने कमी होती. सुईच्या भयाने रक्ततपासणी पुढे ढकलणारी, दातांच्या डॉक्टरांकडे पाऊल न टाकणारी जी प्रौढ माणसे आपण पाहतो, त्यांच्यापैकी अनेकांच्या भयाचे मूळ बालपणी सापडते. आज दोन मिनिटांची तसदी वाचविली तर तिचे व्याज मुलाला पुढे आयुष्यभर भरावे लागते.

आता साधनांकडे वळू. त्वचा बधिर करण्याची कल्पना जुनी आहे; १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर ह्यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखविला, आणि १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट ह्यांनी लिडोकेन हे अधिक निर्धोक द्रव्य तयार केले. पण डोळ्याचा नाजूक पडदा निराळा आणि अंगावरची धड त्वचा निराळी. बाहेरचे काही आत शिरू द्यायचे नाही हेच त्वचेचे मुख्य काम, आणि ते ती इतक्या चोखपणे बजावते, की साधे लिडोकेन वरून चोळून काही उपयोग होत नाही. सुईच्या वेदनेवर सुईनेच भूल टोचावयाची, असा हा पेच होता. तो सुटला तो लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन द्रव्ये सम प्रमाणात एकत्र केल्याने. लिडोकेन ६८ अंश सेल्सियसला वितळते आणि प्रिलोकेन सुमारे ३७ अंशांना. दोन्ही मिसळली की ते मिश्रण १८ अंशांनाच वितळून तेलासारखे होते. आपल्याकडे घरोघरी असणारी अमृतधारा अशीच होते: कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घातले, की पाण्याचा थेंबही न घालता त्यांचे द्रव होते. ह्या तेलरूप मिश्रणाचे बारीक कण मलमात असल्यामुळे औषध दाट स्वरूपात त्वचेला भिडते आणि आत झिरपते. स्वीडनमधील आस्त्रा कंपनीने १९८० नंतरच्या दशकात ते बाजारात आणले, अमेरिकेत त्याला १९९२ साली मान्यता मिळाली, आणि आज त्याच घटकांची मलमे भारतातल्या औषधांच्या दुकानांतही मिळतात.

ह्या मलमाची सारी मातब्बरी वेळेवर अवलंबून आहे. जेथे शीर दिसते तेथे जाडसर थर द्यायचा, चोळायचा नाही, वर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि निदान ६० मिनिटे थांबायचे. एका तासात ते सुमारे ३ मिलिमीटर खोलीपर्यंत पोचते, दोन तासांत ५ मिलिमीटरपर्यंत. पंधरा मिनिटांत पुसून टाकलेले मलम न लावल्यासारखेच, आणि ‘लावून पाहिले, काही उपयोग होत नाही’ ही तक्रार बहुधा ह्या घाईतूनच जन्मते. पहिला प्रयत्न फसण्याचा संभव ध्यानी घेऊन दोन जागी मलम लावून ठेवणे शहाणपणाचे. मलमाने त्वचा काही काळ पांढुरकी पडते व शीर किंचित आकसते. पट्टी काढून काही मिनिटे थांबले, हात कोमट कापडात गुंडाळला, की ती पुन्हा वर येते. ह्याहून लवकर काम करणारी, अर्ध्या-पाऊण तासात गुण देणारी लिडोकेनची व टेट्राकेनची मलमेही परदेशात प्रचारात आहेत, आणि तातडीच्या वेळी त्वचा क्षणभर गोठविणारा फवाराही वापरतात; अर्थात लहान मुलांना त्याचा गारवाच कधी कधी झोंबतो.

खबरदारीचे दोन शब्द येथे आवश्यक आहेत. प्रिलोकेनमुळे, विशेषतः काही महिन्यांच्या अर्भकात, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होण्याचा संभव असतो. म्हणून अर्भकांसाठी मलमाची मात्रा व वेळ डॉक्टरांनीच ठरवावी, सल्फासारखी काही औषधे चालू असलेल्या तान्ह्या बाळाला ते लावू नये, आणि खरचटलेल्या किंवा इसबाच्या त्वचेवर तर मुळीच नाही. मलम मुलाच्या तोंडात जाणार नाही अशी पट्टी पक्की असावी. घरी नळी आणून आपल्या अंदाजाने अंगभर फासण्याची ही चीज नव्हे.

मलमाने वेदनाच तेवढी कमी होते असे नाही. टॅडियो ह्यांच्याच गटाने २००५ साली १४२ मुलांवर केलेल्या चाचणीत लिडोकेनचे मलम लावलेल्या मुलांपैकी शेकडा ७४ जणांची शीर पहिल्या प्रयत्नात मिळाली, आणि नुसते दिसायला तसे असलेले मलम लावलेल्यांत हे प्रमाण शेकडा ५५ होते. वेदनाशमनाला वेळ नाही असे म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याने हा आकडा दप्तराच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. कारण पहिल्या प्रयत्नात लागलेली सलाईन जेवढा वेळ वाचविते, तेवढा दुसरा कोणताच उपाय वाचवीत नाही.

तान्ह्या बाळांची गोष्ट निराळी आहे, आणि त्यांच्यासाठी निसर्गाने स्वतःच एक औषधालय उघडून ठेवले आहे. अंगावर पाजणे हे त्यातले पहिले औषध. फ्रान्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८० नवजात बालकांच्या शिरेतून रक्त घेताना चार रीती पडताळून पाहिल्या. स्तनपान चालू असताना घेतलेल्या सुईची वेदना फार कमी ठरली, साखरेचे द्रावण व चोखणे देऊनही तेवढाच गुण आला, पण नुसते आईच्या कुशीत धरण्याने मात्र तेवढा आला नाही. स्तनपान शक्य नसेल तेथे २४ टक्के साखरेचे द्रावण, थेंबांच्याच हिशेबाने, सुईच्या दोन मिनिटे आधी जिभेच्या टोकावर द्यावयाचे असते. हा परिणाम पोटातल्या साखरेचा नसून जिभेवरच्या गोडीचा असतो. नळीने थेट जठरात सोडलेली साखर वेदना शमवीत नाही. आपल्याकडे एखादी हौशी आजी ह्यावरून मधाचे बोट चाटविण्याचा विचार करील, म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की वर्षाच्या आतील बाळाला मध कधीही देऊ नये; त्यातील जंतुबीजांपासून बॉट्युलिझम नावाचा दारुण रोग होऊ शकतो. रुग्णालयात उपाशी ठेवलेल्या बाळाला साखरेचे द्रावणही डॉक्टरांच्या परवानगीनेच द्यावे. त्वचेला त्वचा लावून, बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरण्याची जी रीत कोलंबियातील बोगोटा येथे १९७०-८० च्या दशकाअखेर कमी वजनाच्या बालकांसाठी सुरू झाली, तिचाही सुईच्या वेदनेत उपयोग होतो.

मोठ्या मुलांच्या बाबतीत वेदनेचे रहस्य नुसत्या त्वचेत सापडत नाही. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल ह्यांनी असा सिद्धान्त मांडला, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात त्याला एक दरवाजा लागतो. स्पर्शाचे, दाबाचे, कंपाचे संदेश तेथे गर्दी करून वेदनेची वाट अडवू शकतात, आणि मेंदूही वरून हुकूम सोडून तो दरवाजा कमीजास्त उघडू शकतो. कोपर आपटले की आपण न शिकविता ते चोळतो ते ह्याच न्यायाने. सुईच्या जागेच्या थोडे वर, म्हणजे मनगटाकडून खांद्याच्या दिशेने, कंप देणारे आणि बर्फाची चकती जोडलेले मधमाशीच्या आकाराचे जे छोटे उपकरण हल्ली मिळते, ते ह्याच सिद्धान्ताचे व्यावहारिक अपत्य होय. आणि मेंदूच्या हुकमाचा भाग ज्याला लागू पडतो तो उपाय सर्वांत स्वस्त आहे: लक्ष दुसरीकडे गुंतविणे. साबणाचे फुगे फुंकणे, पिपाणी वाजविणे, गोष्टीतल्या पुढच्या भागासाठी ताटकळत ठेवणे, चित्रात लपलेली मांजरे शोधायला लावणे, दूरध्वनीच्या पडद्यावरचा खेळ हाती देणे, ह्यांतले मुलाला कर्त्याचे काम देणारे जे असेल ते उत्तम. कारण नुसते पाहण्यापेक्षा करण्यात मन अधिक गुंतते. सुईच्या वेदनेवरील मानसिक उपायांचे कॉक्रेन संस्थेने घेतलेले आढावे ह्या उपायाला अनुकूल आहेत.

ह्याच्या उलट, आपण अत्यंत मायेने जे बोलतो त्यातील बरेच निष्फळ असते. ‘काही होत नाही’, ‘घाबरू नकोस’, ‘झालं, झालं’ अशी पालुपदे मुलाचे दुःख कमी करीत नाहीत, उलट त्यांच्याबरोबर ते वाढलेले दिसते, असे निरीक्षकांना वारंवार आढळले आहे. त्याचे कारण दुर्बोध नाही. एरवी आई अशा सुरात बोलत नाही. ती असे बोलू लागली म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर होणार आहे, असा निष्कर्ष मूल काढते, आणि तर्कदृष्ट्या तो रास्तच असतो. ‘शूर मुलं रडत नाहीत’ हे वाक्य तर वेदनेवर अपराधाचा बोजा चढविते. सांगायचे ते खरे आणि थोडे सांगावे: ‘इथे गार लागेल, मग टोचेल, मग सुई काढून टाकतील आणि मऊ नळी राहील. तोपर्यंत आपण फुगे उडवू.’ चार वर्षांच्या मुलाला हे थोडाच वेळ आधी सांगावे, दहा वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी. लहानाला फार आधी सांगितले तर ते भीती उराशी घेऊन बसते, आणि मोठ्याला ऐनवेळी सांगितले तर फसविल्याची चीड येते. सुई हवी की नको हा प्रश्न मात्र विचारू नये, कारण त्याच्या उत्तराला मान देण्याची आपली तयारी नसते. कोणता हात, बघायचे की नाही, कोणाच्या मांडीवर बसायचे, हे प्रश्न अवश्य विचारावेत. उजव्या हाताने चित्रे काढणाऱ्याचा किंवा डाव्या हाताचा अंगठा चोखणाऱ्याचा तोच हात जायबंदी करू नये, एवढी चौकशीही ह्या ओघात होऊन जाते.

मांडीचा प्रश्न गौण नाही. खाटेवर उताणे पाडून चौघांनी हातपाय दाबून धरणे ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. उताणे पडलेल्या माणसाला असहाय वाटते, मग ते माणूस तीन वर्षांचे असो की तीस. मुलाला आईच्या किंवा बापाच्या मांडीवर छातीला छाती लावून बसवावे, पाय त्यांच्या कमरेभोवती यावेत, आणि हवा तो हात त्यांच्या काखेखालून मागे टेबलावर घेऊन सिस्टरांच्या स्वाधीन करावा. हात स्थिर राहतो, आणि मुलाच्या लेखी ती पकड न राहता मिठी होते. पुष्कळ ठिकाणी ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ असे फर्मान निघते. पण आईबापांना बाहेर काढण्यापेक्षा त्यांना नेमके काम नेमून देणे अधिक फलदायी ठरते. शक्य तेथे ही क्रिया मुलाच्या खाटेवर न करता वेगळ्या खोलीत करावी, म्हणजे निदान त्याची खाट तरी त्याला निर्भय राहते.

वेदना किती झाली हे मोजण्याचीही साधने आहेत. हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहरे काढलेली वाँग आणि बेकर ह्या दोघींची पट्टी १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत तयार झाली. ज्याला बोट दाखविता येते त्याला ती पुरते. ज्याला तेही येत नाही त्याच्यासाठी १९९७ पासून चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत निघणे ह्या पाच लक्षणांना शून्य ते दोन असे गुण देऊन दहापैकी बेरीज मांडण्याची पद्धत आहे. ताप मोजून तक्त्यावर लिहितात तशी वेदनाही लिहिली जाऊ लागली, म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष करणे कारभाराच्या दृष्टीनेच अवघड होऊन बसते.

आणि सर्वांत उत्तम वेदनाशमन म्हणजे जी सुई लागतच नाही ती. ‘पोराला फार अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ अशी मागणी पालकच करतात, आणि तिला नकार देण्याचे धैर्य प्रत्येक दवाखान्यात असतेच असे नाही. वास्तविक १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीने हाहाकार मांडला असता दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्याही खाली आणले, हा इतिहास आपल्याच भूमीवरचा आहे. जे मूल पिऊ शकते, ज्याला ओआरएस पचते, त्याला बहुतेक वेळा शिरेची वाट धरावी लागत नाही. सुई अटळच असेल तेव्हाही रक्ततपासणीचे नमुने त्याच वेळी, त्याच टोचणीतून घेता येतात. दोन प्रयत्न फसले की अधिक निष्णात माणसाला बोलवावे असा दंडकही घालता येतो.

हे सारे एका सूत्रात गुंफून दाखविणारे उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या बालरुग्णालयाचे आहे. २०१० नंतरच्या दशकात तेथे असा नियम झाला, की कोणत्याही मुलाला कोणतीही सुई टोचताना चार गोष्टी देऊ केल्याच पाहिजेत: बधिर करणारे मलम, तान्ह्यांसाठी साखरेचे द्रावण किंवा स्तनपान, मांडीवरची सुखकर बैठक, आणि वयाला शोभेल असा मनाचा विरंगुळा. चारांपैकी एकही शोध नवा नव्हता. नवे होते ते एवढेच, की डॉक्टराच्या किंवा सिस्टरच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट तेथे रुग्णालयाची बांधीलकी झाली.

आपल्याकडे हे कसे जमावे, असा प्रश्न येथे उपस्थित होईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसटोचणीच्या वेदनेविषयी जे धोरण जाहीर केले, त्यात मांडीवर धरणे, टोचताना स्तनपान, सर्वांत दुखणारी लस शेवटी, ह्या बिनखर्चाच्या उपायांचा पुरस्कार केला. पण राष्ट्रीय कार्यक्रमांत मलमाची शिफारस मात्र केली नाही, आणि त्याची कारणे खर्च, उपलब्धता आणि लागणारा वेळ अशी दिली. लसीच्या रांगेसाठी हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु रुग्णालयात सलाईनसाठी आलेल्या मुलाची गोष्ट तशी नाही. तातडीचे प्रसंग सोडले, आणि जीव वाचविण्याच्या घाईत मलमासाठी थांबा असे कोणीही म्हणणार नाही, तर केसपेपर काढणे, डॉक्टरांची वाट पाहणे, खाट रिकामी होणे, विम्याच्या किंवा सरकारी योजनेच्या कागदांवर सह्या होणे, औषधांची चिठ्ठी घेऊन बापाने दुकानात जाऊन येणे, ह्यांत एक तास सहज जातो, बहुधा दोन. ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या मुलाचा तर दिवस आणि वेळ आधीच मुक्रर असते. तो तास आपल्याजवळ आहे. फक्त तो आज मुलाच्या हातावर काहीही न करता, त्याच्या मनात भीती मुरविण्याकडे खर्च होतो. नोंदणीच्या टेबलावरच सिस्टरने हात पाहून दोन जागी मलम लावावे, पट्टीवर वेळ लिहावी आणि मग कागदपत्रांचा प्रवास सुरू करावा, एवढा क्रम बदलला तरी अर्धे काम झाले.

हा क्रम बदलण्याचा अधिकार रुग्णालयांच्या चालकांकडे आहे, आणि त्याची आठवण देण्याचा अधिकार पालकांकडे. मुलाला दाखल करताना ‘सुईच्या आधी लावायचे मलम मिळेल का? मी त्याला मांडीवर घेऊन बसू का? दोनदा जमले नाही तर कोणाला बोलवाल?’ असे तीन प्रश्न अदबीने विचारण्यात कोणाचाही उपमर्द नाही. भुलीवाचून दात काढणे आज कोणी सहन करीत नाही, कारण आपण मोठ्यांनी आपल्यापुरता तो हक्क कधीच मागून घेतला. मुलांना तो मागता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने मागण्याची जबाबदारी आपल्यावर येते. सुई लागेपर्यंतचा तास कसा घालवायचा हे जेव्हा रुग्णालयाच्या नियमांत लिहिलेले असेल, तेव्हा मुंगीचा खोटा दाखला देण्याची गरज आपोआपच उरणार नाही.